जीपची उंची

जीप विकली का, असं अलीकडे तीन-चार जणांनी विचारलं. भाचीने तर अमेरिकेहून फोन केला, "मामी, तुम्ही म्हणे जीपला मोठ्ठी चाकं लावताय?" तेव्हा म्हटलं, एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं. म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसायला नको. तर मंडळी, जीप विकलेली नाही. चाकं बदलली, पण मोठ्ठी नाहीत. आणि ती मोठ्ठी का नाहीत, यावरून आमच्या घरात जे रामायण झालं तेच आज सांगणार आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. ही महिंद्राची एम.एम. ५४०, १९८९ सालची. यांनी १९९४ मध्ये एका कंत्राटदाराकडून जुनी विकत घेतली. आमचं गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीहून पाटगावकडे जाताना आत वळलं की येतं. यांचं खतं-बियाण्यांचं दुकान. वरच्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर माल पोचवायचा म्हणजे तांबड्या चिखलातून आणि जांभ्या दगडांच्या पायऱ्यांवरून जायचं. तिकडे तेव्हा दुसरं चारचाकी वाहन जातच नसे. त्यामुळे खताच्या पोत्यांबरोबर बाळंतिणी, साप चावलेले, झाडावरून पडलेले असे कितीतरी जण त्या जीपने खाली आणले. रात्री दारात कुणी बॅटरी घेऊन उभा राहिला की हे काही न विचारता किल्ली घ्यायचे, आणि मी थर्मास भरायला लागायची. आज जीप चिखलात घालायला लोक सुट्टी काढून, पैसे भरून जातात. यांना सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते!

२०१८ मध्ये हे गेले. जीप पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. उंदरांनी वायरिंग खाल्लं, हूडच्या चिंध्या झाल्या. २०१९ मध्ये नोंदणीची मुदत संपली. मुलाचं म्हणणं, भंगारात द्या, जागा मोकळी होईल. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचं काही चूक नव्हतं. पण २०२४च्या दिवाळीत लेकीचा मुलगा पुण्याहून आला, शेडमध्ये तास-दीड तास काढून बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, ही मला दे. मी हिला ऑफ-रोडिंगसाठी तयार करतो."

मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. हरियाणात मंडी डबवाली म्हणून गाव आहे, जुन्या जीपा नटवून विकण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या जीपा बघितल्या. एकेकीची चाकं माझ्या कमरेएवढी! चढायला शिडीच लागावी. याच्या डोक्यातही तेच होतं. तेहतीस इंची टायर, कमानपाटे अॅक्सलच्या खालून काढून वर बसवायचे म्हणजे गाडी पाच-सहा इंच उचलते, शिवाय नवीन टर्बोवालं इंजिन. सगळा हिशेब कागदावर मांडून आणला होता. लेक मात्र ऐकताक्षणीच म्हणाली, "आई, तू त्याला ती गाडी देऊ नकोस." त्याच्या एका मित्राची जीप चढावर आडवी होऊन मित्राचा खांदा मोडला होता, आणि ही गोष्ट आमच्या चिरंजीवांनी मला सांगितलीच नव्हती.

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्याने कुठून तरी दुसरी जीप आणली असती, आणि ती कुणी कशी जोडलीय याचा पत्ता नसता. मी एवढंच सांगितलं, पैसे मी घालीन, पण काय बदलायचं आणि काय नाही हे मला पटवून द्यायचं. चौतीस वर्षं गणित शिकवलंय, न पटलेलं उत्तर मी मांडून घेत नाही.

जीप कोल्हापूरला उद्यमनगरात नेली. तिथला मिस्त्री माझा विद्यार्थी. सातवीत गुणोत्तर-प्रमाण आलं की हा खिडकीबाहेर बघायचा. आता गिअरच्या दात्यांचे हिशेब तोंडी करतो! मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नातवाचा कागद वाचून म्हणाला, "बाई, हे सगळं नंतर. आधी गाडीत मूळचं काय शिल्लक हाय ते बघूया."

मूळचं काय होतं, हे मलाही त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळलं. ही जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलिस जीपच्याच वंशातली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलिसच्या परवान्याने मुंबईत जीपा जोडायला सुरुवात केली आणि तीच घडण कितीतरी वर्षं चालत राहिली. आमच्या जीपमध्ये प्यूजोच्या रचनेचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोट्या दांड्या. एक पुढच्या चाकांना ताकद जोडणारी, दुसरी हाय-लोची. लोमध्ये टाकलं की वेग अडीचपट कमी होतो आणि जोर जवळजवळ तितकाच पट वाढतो. म्हणजे चढावर जे लागतं ते कारखान्यातूनच मिळालेलं आहे. पण ते वापरात होतं कुठे? लोची दांडी गंजून अडकलेली, पुढच्या चाकांचे हब फिरत नव्हते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खिळखिळे, ब्रेकचे सिलिंडर गळके. जी गाडी मुळात पूर्ण चालतच नाही तिला उंच करून काय करायचं, असा मिस्त्रीचा साधा प्रश्न होता.

डिसेंबर ते मार्च निव्वळ दुरुस्तीतच गेला. चासीचे दोन ठिकाणी सडलेले भाग कापून नवे जोडले. तळाचा पत्रा बदलला. रंगारी म्हणाला, लांबी भरून सपाट करतो, कुणाला कळणार नाही. मिस्त्रीनेच त्याला दटावलं, पत्रा सडलाय तिथं लांबी कशाला? वायरिंग सगळं नवं. इंजिन उतरवून नोझल, डिझेल पंप, हेड सगळं बघितलं. कमानपाटे इतक्या वर्षांच्या पोत्यांनी सपाट झाले होते. ते नव्याने वाकवून, दोन पाटे बदलून बसवले, तर गाडी चक्क दीड इंच वर आली. हे दीड इंच तिचं स्वतःचंच होतं, फक्त खाली बसलं होतं.

मग आला टायरचा प्रश्न. आमची खरी वादावादी इथेच झाली. नातवाचं म्हणणं, उंची वाढवली की खालचे दगड लागत नाहीत. मी विचारलं, "कुठला भाग लागत नाही?" कारण पाटे कितीही उचला, जीपचं सगळ्यात खाली लोंबणारं अंग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो अॅक्सलवर असतो आणि अॅक्सल चाकावर. पाट्यांनी गाडीचं अंग वर जातं, गोळा तिथेच राहतो! गोळा वर जाईल तो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यासातल्या फरकाच्या निम्माच. जुने टायर साधारण साडेअठ्ठावीस इंचांचे. तेहतीसचे लावले तर गोळा सव्वादोन इंच वर, पण त्या मोबदल्यात चाकाचा जोर सुमारे चौदा टक्के कमी. कारण चाक मोठं झालं की गिअर तेच असूनही ते ओढायला जड जातं. वर जड चाकांचा भार स्टिअरिंगवर, बेअरिंगवर आणि ब्रेकवर. मी हे पाटीवर मांडून दाखवलं (पाटी अजून घरात आहे, हसू नका). मिस्त्री मागे उभा राहून गालात हसत होता.

पलटी होण्याचं मात्र गणिताने पटेना. तेव्हा चहाचा ट्रे घेतला, त्यावर एक काड्यापेटी आडवी ठेवली, एक उभी, आणि ट्रे हळूहळू कलता केला. उभी आधी पडली, हे सांगायला नको. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण आजी, सगळे करतात." यावर मी काय बोलणार? मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून कागदावरची ती ओळ खोडली.

शेवटी सात-सोळा टायर घेतले, टेम्पोला असतात त्या मापाचे. गोळा एक इंच वर आला, जोर सहा-सात टक्के गेला. चालेल. टायर अरुंदच आहेत. चिखलात रुंद टायर वरवर घसरतो, अरुंद टायर खाली कापत जाऊन टणक जमीन शोधतो. आमच्याकडच्या तांबड्या मातीखाली जांभा असतोच. हे यांचं मत होतं आणि मिस्त्रीचंही. वाळूचं गणित उलटं, पण आम्हाला काही राजस्थानात जायचं नाही.

इंजिन बदलायचं नाही हे कायद्याने ठरवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघणार. शिवाय मला ते इंजिन तसंही बदलायचं नव्हतं. थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत किल्ली धरून यांनी मनाशी आकडे मोजलेले मी पाहिलेत.

दिसणार नाहीत असे बदल मात्र बरेच केले आणि खरा उपयोग त्यांचाच. एक सांगते. ओढ्यात शिरताना अॅक्सलचा गोळा तापलेला असतो. थंड पाण्यात तो एकदम निवतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. मग तेल दुधाच्या चहासारखं होतं आणि बेअरिंगची वाट लागते. उपाय काय, तर गोळ्याच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर बांधायचं. खर्च अगदी किरकोळ! ओढायचे हुक बंपरऐवजी थेट चासीला घेतले. आणि ज्यावर मी एक रुपयाही कमी करू दिला नाही तो म्हणजे डोक्यामागचा रोल बार. जाड नळीचा, चासीला जखडलेला, आणि पुढच्या दोघांना कमरेचे आणि खांद्याचे पट्टे. आर.टी.ओ. मधल्या निरीक्षकांना आधीच दाखवून घेतला. मे महिन्यात फॉर्म ३१ भरून गाडी वारस म्हणून माझ्या नावावर झाली, दंड भरून नोंदणीचं नूतनीकरणही झालं. सत्तरी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा वाहनमालक झाले! एकूण खर्च पावणेतीन लाख. मुलाला अजून सव्वादोन सांगितलेत.

लेक या काळात माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाऊस ओसरल्यावर आम्ही वरच्या धनगरवाड्याच्या जुन्या वाटेने जायचं ठरवलं, तेव्हा तीच म्हणाली, "मी पण येते." नातू गाडीवर, शेजारी मी, मागे लेक आणि मिस्त्री. सड्यावर गाडी घालायची नाही, ही माझी अट. त्या कातळावर पावसाळ्यात जी फुलं येतात ती बोटभर मातीत येतात, आणि चाकाची एक चाकोरी पडली की ती माती वाहून जाते. खेळायला जागा हवी तर वाट आहे, ओढा आहे.

चिखलात शिरण्यापूर्वी नातू उतरला आणि पुढचे दोन्ही हब हाताने फिरवून आला. यांचा नियमच होता तो. रुतल्यावर गुडघाभर चिखलात उतरून फिरवण्यापेक्षा आधी फिरवावेत. टायरमधली हवा अठरावर आणली. लोमध्ये दुसऱ्या गिअरवर जीप अशी निघाली की जणू सात वर्षं उभी नव्हतीच. तिसऱ्या वळणावर मात्र पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, आणि तीच दोन गरागरा फिरतायत, जमिनीवरची दोन ढिम्म. ज्याला अडथळा कमी त्या चाकाकडे डिफरन्शियल सगळा जोर सोडून देतं. लेकीने माझा खांदा घट्ट धरला. नातवाने अॅक्सिलरेटर वाढवला नाही. डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबून धरला, फिरणारी चाकं थोडी अडली, जमिनीवरच्या चाकांना जोर मिळाला आणि गाडी हळूच वर सरकली. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मिस्त्री म्हणतो मी नाही.

वरच्या धनगरवाड्यात एक म्हातारी जीपभोवती फेरी मारून गेली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हिच्यातनंच माजी सून खाली न्हेल्ती." नातू आता तिच्याच नात्यातला झाला, म्हणजे चहा आणि मधाची बाटली आलीच. उतरताना ओढा ओलांडल्यावर ड्रम ओले होते म्हणून त्याने थोडा वेळ ब्रेक हलका दाबून गाडी चालवली. लेक मागून म्हणाली, "बाबा पण असंच करायचे."

घरी आल्यावर मिस्त्रीने मागच्या गोळ्याचा नट सोडून तेल बघितलं. स्वच्छ होतं. पुढच्या डाव्या हबमधून मात्र थोडं ग्रीस बाहेर आलंय, तेवढं सील बदलायला पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जायचंय.