फुटामागे एक सूत

माझ्या थोरल्या मामाने मला वाढवलं. वडील गेल्यावर आईला आणि मला त्याने माजिवड्याच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि बी.कॉम. होईपर्यंत माझी फी भरली. तो काय करतो असं कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, ‘वागळे इस्टेटमध्ये सुतार आहे.’ सकाळी सायकलवर कॅडबरी नाक्याकडे निघायचा, संध्याकाळी कपड्यांना भुसा लावून परत यायचा. त्याने कधी आमची दुरुस्ती केली नाही.

तो गेला, मग चाळ पुनर्विकासात गेली. माळा रिकामा करताना त्याची पत्र्याची पेटी खाली आली. पटाश्या, रंधा, गुण्या ही ओळखीची मंडळी. तळाशी मात्र भलताच ऐवज: दोन्ही टोकांना गोटीएवढ्या गोळ्या असलेली सळई, गोल बुडाचा रंधा, मेणाच्या कांड्या. आणि एक पोलादी फूटपट्टी, जी साध्या पट्टीला लावली तर फुटाला एक सूत जास्त भरे. पाठीवर टोच्याने कोरलेलं, ‘बीड’. मुलगा म्हणाला, बीडहून आणली असेल. ओळखीच्या सुताराने निकालच दिला, “खोटी पट्टी आहे दादा, फेकून द्या.” भंगारवाला किलोचा भाव सांगून मोकळा झाला होता.

उलगडा केला लोकमान्यनगरातल्या एका निवृत्त मोल्डरकाकांनी. पट्टी हातात घेताच म्हणाले, “अहो, तुमचे मामा पॅटर्नमेकर होते!”

बिडाचा रस साच्यात थंड होताना आटतो, फुटामागे साधारण एक सूत. पितळ आटतं दीड सूत. म्हणून वाळूत ठसा उमटवायचा लाकडी पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब करत बसलं तर कुठेतरी चुकणारच, तेव्हा ही भर पट्टीतच घातलेली. बिडाची पट्टी वेगळी, पितळेची वेगळी. सळईची गोळी तापवून पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात मेणावरून फिरवायची. कोपरा गोलसर होतो. धारदार राहिला तर ओतीव वस्तू नेमकी तिथेच तडकण्याची भीती. पॅटर्नच्या बाजूंनाही किंचित उतार ठेवायचा, नाहीतर तो उचलताना वाळू ढासळते. काकांनी सळई अंगठ्यावर टेकवून अर्धगोल फिरवून दाखवली. सत्तरी उलटलेला हात, पण जराही थरथरला नाही.

किर्लोस्करवाडीचा नांगर घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं ऑइल इंजिन घ्या, त्यांचे ओतीव भाग आधी कुणीतरी लाकडात घडवलेले. पाट्यांवर नावं कारखान्यांची.

फी साडेतीनशे असली तरी मामा हातावर चारशे ठेवायचा. “लागतात वरचे,” एवढंच म्हणायचा. गणवेश दोन बोटं मोठाच शिवून घ्यायचा. त्याच्या कामाचा आणि या सवयीचा संबंध असेलच असं नाही. मला तो लावावासा वाटतो, आणि मी तो लावणार आहे. ज्या कसबावर मी जेवलो, शिकलो, ते नेमकं कोणतं हे मला पन्नाशी उलटल्यावर एका परक्या माणसाकडून कळलं.

पॅटर्न आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आखून यंत्रावर कापतात. तुमच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल तर भंगारात घालण्याआधी वागळे इस्टेट, भोसरी किंवा उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रीला दाखवा, आणि तो सांगेल ते चिठ्ठीवर लिहून पेटीतच ठेवा. मात्र लवकर करा. ओळखणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.