बदललेलं पान

कर्नलमध्ये काम करतो म्हटलं की नालासोपाऱ्याचे काका विचारतात, "म्हणजे ॲप बनवतोस ना?" नाही. मी पानं मोजतो.

लिनक्स मेमरीची पानं पाडतो, बहुतेक ठिकाणी 4096 बाइटचं एक पान. पानावर काही लिहिलं गेलं की ते 'डर्टी'. मळलेलं नव्हे, बदललेलं. ही खूण कुठे प्रोसेसर स्वतः करतो, कुठे कर्नल पानावर लिहायची बंदी घालून पहिलं लिखाण पकडतो. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं तर आधी सगळी पानं कॉपी करतात, तोवर बदललेली पुन्हा, मग त्यातली बदललेली पुन्हा. थोडी उरली की मशीन क्षणभर थांबतं आणि पलीकडे जागं होतं. 2013 मध्ये लिनक्स 3.11 सोबत आलेली 'सॉफ्ट-डर्टी' खूणही अशाच कामासाठी होती: चालू प्रोग्रॅम गोठवून नंतर तिथूनच सुरू करणं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आला. चाळीसेक ओळी, सगळ्या टेस्ट पास. त्यात आधी पान कॉपी होत होतं, मग खूण पुसली जात होती. या दोन्हींच्या मधे कुणी लिहिलं तर? कॉपी जुनी, खूण गायब, एरर शून्य. उलट क्रमात, म्हणजे आधी खूण पुसून, टीएलबीतली जुनी नोंद काढून, मग कॉपी केली, तर फार तर एखादं पान दोनदा जाईल.

रिलीज त्याच संध्याकाळी होतं. सीनियर म्हणाला, "हजारदा चालवलंय, एकदाही फुटलं नाही. नाव टाक."

'रिव्ह्यूड-बाय'खाली नाव टाकणं म्हणजे माझ्या माहितीत गंभीर दोष उरलेला नाही, असं सांगणं. मला तो समोर दिसत होता.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारची लाईट गेली. मी इंजिनीअरिंगला होतो, आई एका पतपेढीत कॅशिअर. लाईट आल्यावर ती स्लिपांचा गठ्ठा घेऊन बसली. एका भाजीवाल्या मावशींचे 500 रुपये कॉम्प्युटरमध्ये नव्हते. स्लिप होती म्हणून सापडले.

पानाची स्लिप म्हणजे तो एक बिट. तोच चुकीच्या वेळी पुसला, तर शोधायला काही उरत नाही.

मी नाव टाकलं नाही, कारण लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी चार ओळी वर-खाली झाल्या, रिलीज एक दिवस पुढे गेलं, आणि सीनियर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला.