चूक यंत्राची, ठपका वापरणाऱ्यावर

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले डेल कंपनीचे संगणक बंद पडू लागले. विभागाने तक्रार केली. कंपनीने यंत्रं तपासली आणि उत्तर दिलं की तुम्ही यांना फार अवघड गणितं करायला लावलीत, म्हणून त्यांच्यावर ताण आला. गणित विभागाला!

मित्रांनो, हा विनोद नाही. डेलवर एका ग्राहक कंपनीने भरलेल्या खटल्यातली कागदपत्रं खुली झाली, तेव्हा जून 2010 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकीकत छापली. मे 2003 ते जुलै 2005 या काळात डेलने बिघाडाचा धोका असलेले किमान 1 कोटी 18 लाख संगणक बाजारात पाठवले होते, हेही त्याच कागदपत्रांतून समजलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर सदोष आहेत हे कंपनीच्या आत माहीत होतं. तरी ग्राहकाशी बोलताना बोर्डात दोष आहे असं सूचित करणारे शब्द टाळा, असं कर्मचाऱ्यांमध्ये ठरत होतं. 2005 मध्ये कंपनीने या बोर्डांपायी 30 कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. म्हणजे हिशेबाच्या वहीत दोष मान्य होता, ग्राहकाच्या तोंडावर मात्र नव्हता.

कपॅसिटर ही पेन्सिलच्या तुकड्याएवढी डबी. प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेतले चढउतार ती सपाट करते. आत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, कागद आणि एक द्रव असतो. द्रवाचं मिश्रण चुकलं की आत वायू तयार होतो, डबीचं डोकं फुगतं, मग फुटतं आणि तपकिरी द्रव बाहेर येतो. पण हे सगळं बंद कॅबिनेटच्या आत. बाहेर बसलेल्याला दिसतं ते एवढंच की संगणक मधेच गोठला, आपोआप रीस्टार्ट झाला, सकाळी चालू झाला आणि दुपारी झाला नाही. विंडोज गेलं असेल, व्हायरस असेल, कुणीतरी काहीतरी दाबलं असेल, असे तर्क मग सुरू होतात. बिघाडाचं कारण झाकलेलं आणि वापरणारा समोर बसलेला, त्यामुळे संशय कुणावर जाणार हे आधीच ठरलेलं असतं.

त्या काळात कपॅसिटर फुगण्याची साथच आली होती आणि सगळे म्हणायचे, हा तैवानचा माल. तैवानी कपॅसिटर मोठ्या प्रमाणात फुगले हे खरंच. पण डेलच्या बोर्डांवरचे कपॅसिटर निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीचे होते. कोण कुठून आलं यावरून गुणवत्ता ठरवण्याची सवय यंत्रांच्या बाबतीतही फसवते, हे जाता जाता.

त्याआधी 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकत असल्याचं थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं. इंटेलला ही चूक आधीच सापडलेली होती. तरी कंपनीचं पहिलं म्हणणं काय होतं? सामान्य माणसाला ही चूक 27 हजार वर्षांतून एकदा भेटेल. ज्याला बदलून हवा असेल त्याने आपल्याला खरोखर गरज आहे हे पटवून द्यावं. चूक कंपनीची आणि पुरावा मात्र ग्राहकाने द्यायचा! ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये इंटेल नमली आणि मागेल त्याला बदलून देण्याचं जाहीर केलं. त्यापोटी 47.5 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. नाइसली प्राध्यापक होते, आकडेमोड करून भांडू शकत होते. ज्याच्याकडे आकडेमोड नाही, त्याचं काय?

मी समाजशास्त्रात एम.ए. करत असताना आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एका कंपनीने वापरून झालेले सहा डेस्कटॉप दिले. दोन महिन्यांत त्यातले तीन रडायला लागले. दुरुस्तीला आलेला माणूस कॅबिनेट न उघडताच म्हणाला, "मॅडम, तुमची पोरं काहीही दाबत बसतात." मी म्हटलं, "की दाबून मशीन मरत असेल तर बँकेतली कशी जगतात?" तो हसला आणि विंडोज पुन्हा टाकून पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग समितीतल्या काकांनी खोलीला कुलूप लावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, दान मिळालेली वस्तू जपायची होती. पण आठवीतली एक मुलगी, जी रोज टायपिंगला बसायची, तिच्या हाताखालीच मशीन बंद पडलं होतं. तिच्या घरात संगणकाला हात लावणारी ती पहिलीच. आपल्यामुळेच ते गेलं, असं तिने मनाशी धरलं आणि येणं बंद केलं.

चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञाने 1984 च्या 'नॉर्मल अॅक्सिडेंट्स' या पुस्तकात अणुभट्ट्यांसारख्या यंत्रणांच्या अपघातांबद्दल लिहिलं आहे की दोष यंत्रणेच्या रचनेत असला तरी खापर ऑपरेटरवर फुटतं. वर्गात हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अणुभट्टी नव्हती, ते कुलूप होतं.

शेवटी वस्तीतल्याच, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एका मुलाने कॅबिनेट उघडलं. तिन्ही मशीन एकाच मॉडेलची आणि तिन्हीत प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर फुगलेले. नवे काही रुपयांना एक मिळाले. त्याने रात्री बसून सोल्डरिंग केलं. दोन मशीन उठली, तिसऱ्याचा बोर्ड काही वाचला नाही. काकांनी ते फुगलेले नग हातात घेऊन पाहिले आणि काही न बोलता किल्ली टेबलावर ठेवली. त्या मुलीलाही बोलावून दाखवले. ती पुन्हा यायला लागली, पण बरेच दिवस की दाबण्याआधी माझ्याकडे बघायची.

प्रत्येक बिघाड कारखान्यातलाच असतो, असं माझं म्हणणं नाही. आपल्या कित्येक सभागृहांत अर्थिंग नसतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, धुळीने पंखा अडतो, उन्हाळ्यात पत्र्याखाली खोली भट्टी होते. दहा अंश तापमान वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पण यातलं तरी मुलांच्या बोटांमुळे काय होतं?

म्हणून जिथे जिथे अभ्यासिकेला जुने संगणक मिळतात, तिथल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. दान घेताना फोटो जरूर काढा, पण त्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का ते पाहा. एकाच मॉडेलची किती आहेत आणि त्यांचे बोर्ड पूर्वी बदलले होते का, हे दात्याला विचारा. विचारण्यात उपकाराचा अपमान नाही. रॅम एका मशीनमधून दुसऱ्यात घालून पाहा, म्हणजे दोष कोणाबरोबर जातो ते कळतं. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. आणि एक साधी वही ठेवा : मशीन क्रमांक, तारीख, वेळ, पडद्यावर काय आलं. आमच्या वहीत त्या वेळी कोण बसलं होतं, असा रकाना समितीने आखला होता. तो आम्ही खोडून तिथे खोलीचं तापमान लिहायला लागलो.