शब्दांची शिदोरी

निवृत्तीनंतर आम्हा चार बँक-सहकाऱ्यांनी वर्षातून एकदा सपत्नीक सहलीस जाण्याचा नेम ठेवला आहे. यंदा फेब्रुवारीत कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून मालवण गाठले. शिदोरीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसणाविना केलेल्या पिठल्याच्या वड्या होत्या. माझ्या खिशात मात्र एक लहानशी वही होती आणि तीत फ्रेंच शब्द लिहिलेले होते.

त्या वहीचे कारण सांगितले पाहिजे. कन्या व जावई फ्रान्समधील लिओं येथे स्थायिक आहेत. पाच वर्षांची नात शाळेत जाऊ लागल्यापासून मराठी प्रश्नाचे उत्तर फ्रेंचमध्ये देते. दिवाळीत तिने मोठ्या उत्साहाने मला काहीतरी सांगितले व उत्तरासाठी ती थांबली. मी केवळ हसलो. तिचा चेहरा उतरला आणि ती उठून गेली. त्या रात्री ठरविले की, अर्धी वाट आजोबांनी चालावी.

परंतु पासष्टीनंतर पाठांतर टिकत नाही. एका मित्राने तोडगा सुचविला : शब्द पुस्तकातून घ्यायचा नाही, समोरच्या वस्तूवरून घ्यायचा. प्रत्येकाच्या खात्यात दहा शब्द जमा करावयाचे आणि सायंकाळी शिल्लक तपासावयाची!

सकाळी होडीतून सिंधुदुर्गावर गेलो. 1664 मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर या दुर्गाचे काम आरंभिले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तेथे पहिला शब्द मिळाला. फ्रेंचमध्ये पाण्याला नुसते ‘ओ’ म्हणतात. “तहानलेल्याने हाक मारावी आणि पाण्याने ओ द्यावी,” असे सौभाग्यवती म्हणाल्या. तो शब्द आता विसरणे नाही.

दुपारी तारकर्लीच्या सुरूच्या सावलीत शिदोरी सोडली. फळे पुढे आली, तेव्हा मौज झाली. अननस तो ‘अनाना’, पपई ती ‘पापाय’, काजू तो ‘काझू’. अमेरिका खंडातील ही फळे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली ती नावांसकटच. आपला ‘पगार’ आणि कर्जवसुलीतला ‘लिलाव’ हेही शब्द पोर्तुगीजच. ज्या परभाषांची आम्हांस धास्ती, त्यांचे शब्द आम्ही जन्मभर वापरीत होतो. ज्या ‘मॉर्गेज’च्या कागदांवर आम्ही सह्या केल्या, त्याचा जुन्या फ्रेंचमधील अर्थ ‘मृत तारण’. ‘बजेट’ म्हणजे मुळात चामड्याची लहान थैली, तर ‘कूपन’ म्हणजे कापलेला तुकडा.

बटाट्याला मात्र ‘पॉम द तेर’, म्हणजे ‘जमिनीचे सफरचंद’, असे नाव आहे. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या आम्हा मंडळींना त्या भाषेने नावातच सूचना देऊन ठेवली आहे, यावर सारे हसले.

शेवटचा शब्द समोरच पसरलेला होता. समुद्र म्हणजे ‘ला मेर’. मराठीत समुद्र पुल्लिंगी, तर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. आणि आईसाठीचा शब्द लिहिताना निराळा असला, तरी उच्चार तोच : ‘ला मेर’. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणाऱ्या या किनाऱ्यावर तो योगायोग ऐकून क्षणभर कोणी बोलले नाही.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले. शिल्लक तपासली, तेव्हा माझ्या खात्यात दहांपैकी सहा शब्द निघाले. रविवार होता व लिओंत दुपारचे दोन वाजले असावेत. मी दूरध्वनी लावला, यंत्राचे तोंड लाटांकडे वळविले आणि धीर करून म्हणालो, “ला मेर.”

पलीकडून खळखळून हसणे ऐकू आले. फ्रेंच ‘र’ घशातून निघतो. माझा पक्का कोल्हापुरी होता. मग नात गंभीर होऊन शिक्षिकेच्या थाटात म्हणाली, “आजोबा, असं नाही. पुन्हा म्हणा.”

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मराठीत बोलली होती. मी पुन्हा म्हणालो, आणि मुद्दाम पुन्हा चुकलो.