चिठ्ठीआधीचे सहा महिने

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आमच्या नात्यागोत्यात अजून एकच नाव घेतले जाते, इमानचे. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातली इमान अहमद 11 फेब्रुवारी 2017 रोजी मालवाहू विमानाने मुंबईत आली, क्रेनने उचलून तिला सैफी रुग्णालयात नेले, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत तिचे निधन झाले. त्यामुळे आमच्या थोरल्या आपाने ऑपरेशनचे नाव काढले तेव्हा खालाजान पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "वो इमान का क्या हुआ, मालूम है ना?"

इमानची प्रकृती अगदी वेगळी होती. तिला आधी पक्षाघात होऊन गेला होता, वर्षानुवर्षे ती अंथरुणातून उठली नव्हती. पण तिच्या हकिकतीतली एक गोष्ट क्रेनच्या दृश्यापुढे कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती मुंबईत आली 11 फेब्रुवारीला आणि डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने ऑपरेशन केले 7 मार्चला. मधले तीन आठवडे पातळ आहार, व्यायाम, तपासण्या यांत गेले, आणि तेवढ्यात शंभर किलोहून अधिक वजन उतरल्याचे तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते. पोटाला हात लावण्याआधी शरीर तयार करावे लागते. आमच्या आपाच्या बाबतीत ही तयारी मुंबईत नाही, सोलापुरातही नाही, इथे येडशीत झाली, आणि ती करून घेतली आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी.

आपाची उंची 152 सेंटिमीटर, वजन 104 किलो. किलोला मीटरच्या वर्गाने भागायचे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे, गणिताचे नव्हे, तरी उत्तर 45 आले. आपल्याकडच्या माणसाला 23 च्या पुढे जादा वजनाचे धरतात. मधुमेह आठ वर्षांचा, रक्तदाब वेगळा, गुडघे असे की नमाज खुर्चीवर. रामलिंगच्या पायऱ्यांकडे मुलांना फिरायला नेले की ती वरच गाडीत बसून राहायची. डाएटचे सगळे प्रकार झाले होते, काढा झाला होता, पट्टा झाला होता.

त्याआधी आम्ही एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात फोन केला होता. नाव लिहीत नाही. पलीकडच्या बाईंनी वजन विचारले, पॅकेज सांगितले आणि "सोमवारी भरती व्हा, बुधवारी करून टाकू" म्हणाल्या. साखर किती, गोळ्या कोणत्या, काही विचारले नाही. दुलाभाई खूश झाले. आम्हांला मात्र ते बोलणे मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगसारखे वाटले.

डिसेंबरात आपाला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. "मेरेकू बस चिठ्ठी दे देव, डॉक्टरसाब," आपा म्हणाली. डॉक्टर येडशीतच वाढलेले, आमची दखनी त्यांना मराठीइतकीच कळते. ते म्हणाले, "आपा, चिठ्ठी देतो. आज नाही. आधी तुम्हांला ऑपरेशनच्या लायक करू."

मग प्रश्न सुरू झाले. घोरण्याचे त्यांनी आपाला विचारलेच नाही, दुलाभाईंना विचारले. "झोपेत श्वास थांबतो का? गुदमरल्यासारखी उठते का?" दुलाभाई म्हणाले, रोजच, आम्ही समजलो होतो की दमते म्हणून. सोलापूरला झोपेची तपासणी झाली तेव्हा कळले की तिचा श्वास रात्रीतून कितीतरी वेळा अडतो. अशा माणसाला भूल देणे जोखमीचे असते आणि भूल देणाऱ्याला हे आधी माहीत असावे लागते. रात्री नाकावर लावायचे हवेचे यंत्र आले. पहिल्या आठवड्यात आपाने ते दोनदा भिरकावले. महिन्याभराने ती दुपारी पेंगायची बंद झाली.

दुसरा प्रश्न त्यांनी आम्हांला बाहेर पाठवून विचारला. मिशरीचा. आमच्या भागात किती बायका सकाळी मिशरी लावतात हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. तंबाखूने टाके भरायला वेळ लागतो, पोटात जखमा होतात. मग ती बिडीतून जावो की मिशरीतून. डॉक्टरांनी दरडावले नाही, तारीख ठरवून दिली. मिशरी सोडणे आपाला भाकरी सोडण्यापेक्षा जड गेले, असे ती स्वतः सांगते.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, कारण त्याही पोटाचे अस्तर खरवडतात. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 9, बी-12 कमी, ड जीवनसत्त्व कमी. आम्हांला नवल वाटले. घरात आठवड्याला गोश्त शिजते आणि एवढ्या जाड बाईला कुपोषण कसले? डॉक्टर म्हणाले, वजन वेगळे आणि पोषण वेगळे. ऑपरेशननंतर पोटात येणारे अन्न आणखी घटणार, म्हणून ही तूट आधी भरायची. थायरॉइड पाहिले, सोनोग्राफी केली, लिव्हरवर चरबी निघाली. आपा एक्केचाळीस वर्षांची. तिला त्यांनी स्पष्ट सांगितले की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहता कामा नयेत. हे घरातल्या कुणीच तिला सांगितले नसते.

सगळ्यात जास्त वेळ गेला खाण्याच्या बोलण्यात. ती किती खाते ते नाही, केव्हा खाते ते. सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात उभ्याने, पातेल्यातले उरलेले. हे कधीपासून, असे विचारल्यावर आपा गप्प झाली. अकरा वर्षांपूर्वी तिचे दुसरे बाळ जन्मल्या दिवशीच गेले. तेव्हापासून. आम्ही एका घरात वाढलो, दर ईदला भेटतो, आणि हे आम्हांला त्या दवाखान्यात कळले. डॉक्टरांनी तिला लातूरला समुपदेशकाकडे पाठवले. पोट लहान करता येते, रात्रीचे ते उभे राहणे ऑपरेशनने जात नाही. चार वेळा ती गेली. तिथे काय बोलली ते आम्ही विचारलेले नाही.

मध्ये रमजान आला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला बांधून दिल्या, साखर कितीच्या खाली गेली तर रोजा सोडायचा ते कागदावर लिहून दिले. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी 9.6 वरून मेमध्ये 7.4 वर आली. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी कसली, फाइलच. सहा महिन्यांची वजने, रक्ताचे सगळे कागद, चालू गोळ्या, आधीचे फसलेले प्रयत्न तारखांसह. विम्यासाठीही ती लागली. विमा नियामकाच्या नियमांत निर्देशांक 40, किंवा गंभीर आजार जोडीला असतील तर 35, आणि त्याआधी साध्या उपायांनी वजन उतरले नाही, अशी अट असते. साध्या उपायांचा पुरावा कुठून आणणार? गावातल्या डॉक्टरांच्या जुन्या नोंदींतूनच.

आमचे दोन प्रश्न वेगळे होते. रक्त गोठू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी देतात ते एक इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनते असे ऐकले होते. डॉक्टरांनी लपवले नाही. हेपरिनच्या जातीची इंजेक्शने तशी बनतात, फोंडापारिनक्स नावाचे कृत्रिम असते, ते चालेल का हे सर्जनला विचारा, असे त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिले. मौलानांनाही विचारले, ते म्हणाले, पर्याय असेल तर घ्या, नसेल तर जीव आधी. दुसरा प्रश्न कॅप्सूलच्या वेष्टणाचा. त्यावर गोळ्या किंवा शाकाहारी कॅप्सूल लिहून मिळाल्या.

शेवटचे दोन आठवडे पातळ आहार. लिव्हरचा डावा भाग पोटावर झाकणासारखा असतो, तो आक्रसला की दुर्बिणीने काम करणे सोपे जाते. त्याच दिवसापासून डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या कमी केल्या, नाहीतर साखर एकदम खाली गेली असती. नेमका त्याच पंधरवड्यात पुतण्याचा वलीमा. समोर दालचा-खाना, आणि आपा ताकाचा गिलास घेऊन बसलेली. आग्रह करणाऱ्या बायांना ती म्हणत होती, "पेट का इम्तिहान है."

जूनमध्ये सोलापुरात दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. पोटाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला. भूलतज्ज्ञांनी फाइल पाहून श्वासाचे यंत्र बरोबर आणले का एवढेच विचारले. इंजेक्शनचे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

परत आल्यावर सगळे पुन्हा येडशीतच. पहिल्या महिन्यात रक्तदाबाची एक गोळी सुटली. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा आपा घाबरली. डॉक्टर म्हणाले, प्रथिने वाढवा, बहुतेकांचे परत येतात. बी-12, लोह, कॅल्शियम आता कायमचे. वजन आज 77 आहे. नमाज दोन महिन्यांपासून जमिनीवर.

रमजान पुढच्या महिन्यात आहे. एका वेळी तिला अर्धा पेला पाणीसुद्धा जात नाही, दिवसभर घोट घोट प्यावे लागते, म्हणून पहिले वर्ष रोजे नाहीत असे डॉक्टर सुरुवातीलाच बोलले होते. आजारी माणसाला सवलत आहे, नंतर कजा करता येतो, हे मौलानांनीही सांगून झाले. तरी आपाने परवा पुन्हा विचारलेच. डॉक्टरांनी तिच्या वहीत तपासणीची तारीख लिहिली आणि खाली एक ओळ टाकली, "मिशरी?" आपाने त्यांच्याच पेनाने पुढे लिहिले, "नाही."