लेबलावरचे ४५० वॅट

माझ्या कॉम्प्युटरच्या जळलेल्या एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल मी सोलून वहीच्या मागच्या पानावर चिकटवून ठेवलंय. वर ठसठशीत '४५० वॅट', आणि खाली मुंगीएवढ्या आकड्यांच्या तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. आजच्या कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा भार ह्याच बारा व्होल्टवर असतो. हा गुणाकार मी विकत घेताना दुकानात उभ्या उभ्या केला नाही, ते अजून मनातून जात नाही.

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. लॅपटॉपच्या पैशात सुटे भाग घेऊन जोडलेला कॉम्प्युटर जास्त ताकदीचा होतो आणि उद्या एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, हे घरी अण्णांना पटवलं. उसाच्या बिलातून पैसे बाजूला निघाले. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, म्हणजे वेगळं ग्राफिक कार्ड नको. मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. एवढं झाल्यावर कॅबिनेटला अडीच हजार उरले. कॅबिनेट यादीत नेहमी शेवटी येतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानात काचेची, रंगीत दिव्यांची कॅबिनेट साडेचार हजारांना होती. साधं पत्र्याचं २,१५० रुपयांना, "आत ४५० वॅटचा एसएमपीएस फ्री". नुसतं रिकामं किती, विचारलं तर दुकानदार १,७०० म्हणाला. म्हणजे फ्री म्हणायचं तो डबा साडेचारशेचा, वॅटला एक रुपया. त्याच कपाटात चांगल्या कंपनीचा तेवढ्याच वॅटचा तीन हजारांना होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी २,१५० वाल्यावर बोट ठेवलं. खोका घेऊन पुणे स्टेशन, दौंडची गाडी, केडगाव, आणि तिथून मोटारसायकलवर मांडीवर धरून भीमा ओलांडून वडगाव रासाई.

जोडताना पत्र्याच्या कडेनं बोट कापलं, ते सोडा. पण एक गोष्ट सांगायला हवी. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्या मोठ्या बोर्डच्या मापानं लावलेल्या असतात. मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, माझा २४४ बाय २४४ चा. जास्तीची खुंटी काढली नाही तर ती बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. मी प्रत्येक भोक मोजलं आणि जास्तीच्या तिन्ही खुंट्या काढल्या. त्या आजही डबीत आहेत.

पहिल्याच आठवड्यात अण्णा अनवाणी येऊन कॅबिनेटला हात लावायला गेले आणि हात झटकला. "अगं, यात लाईट उतरलीय!" टेस्टर लावला तर पेटला. मी खाली लाकडी फळी सरकवली आणि चप्पल घालून बसायला लागले. अडीच महिने तसंच चाललं. मग एका रात्री शिवारातल्या मोटारी एकदम बंद झाल्या, घरातला दिवा पांढराफटक झाला आणि कॅबिनेटमधून फाट असा आवाज आला. जळक्या प्लास्टिकचा वास सकाळपर्यंत खोलीत होता. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. प्रोसेसर, रॅम वाचले.

आता दुकान. अण्णा आणि मी पुन्हा गेलो, पावती घेऊन, वर्षाच्या वॉरंटीचा शिक्का असलेली. दुकानदारानं डबा नाकाशी धरला. "बर्न आहे. बर्नला वॉरंटी नसते." मी म्हटलं, जळला म्हणूनच तर आणलाय. "गावाकडच्या लाईटचं काही खरं नसतं मॅडम, स्टॅबिलायझर लावायचा." मी लेबलावरचा गुणाकार दाखवला. त्यानं लेबलाकडे पाहिलंच नाही, अण्णांना विचारलं, "जोडलं कुणी हे?" अण्णा कौतुकानं म्हणाले, "हिनंच." "मग झालं," तो म्हणाला. एवढंच. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी खुंट्यांचं सांगत होते, मोजलेल्या भोकांचं सांगत होते, आणि तो कुणाला तरी माऊस दाखवत होता. मदरबोर्डचे साडेपाच हजार गेले त्याहून ते 'मग झालं' मला जास्त लागलं. अण्णांचं कौतुकच माझ्याविरुद्ध पुरावा ठरलं. परतीच्या गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

माझं मत आजही पक्कं आहे. चांगला एसएमपीएस दाब वाढला की स्वतः बंद पडतो, फार तर एकटा मरतो. बाकीच्यांना सोबत नेत नाही.

पण नंतर पत्र्यात उतरणारी लाईट बघायला वायरमन आला, त्यानं भिंतीवरचा बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत फेजपासून आणि न्यूट्रलपासून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर असतो; अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, साधारण ११५ व्होल्ट, येऊन बसतो. करंट अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. मोरीचं पाणी जातं तिथं कायम ओल असते. तिथं आठ फुटी जीआय पाइप कोळसा-मीठ घालून पुरला. त्या दिवसापासून पत्रा गप्प आहे. म्हणजे आमच्या लाईटबद्दल दुकानदार खोटं बोलत नव्हता. कधी वाटतं निम्मी चूक आमचीच. मग वाटतं, अर्थिंग नव्हतं म्हणून शॉक बसला, डबा त्यानं जळला नाही. आणि वाढता दाब फक्त त्या डब्यालाच का सोसला नाही? टीव्ही तर चालूच होता.

तेच पत्र्याचं कॅबिनेट अजून वापरते. आत तीन हजारांचा एसएमपीएस, '८० प्लस'चा शिक्का असलेला. कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या एकदा मोडल्या की परत बसत नाहीत, आणि उघड्या फटीतून पाल शिरते. तिथं जाड पुठ्ठा कापून लावलाय. हंगामात गुऱ्हाळांची आणि पाचटाची काळी राख उडते, म्हणून पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीचा तुकडा. दर रविवारी धुते. विकतच्या जाळीपेक्षा ती बरी, असं माझं म्हणणं आहे. काचेच्या कॅबिनेटची मला आता इच्छाही होत नाही.

गेल्या महिन्यात मांडवगणचा मामेभाऊ कॉम्प्युटर जोडायला निघाला. कॅबिनेट कुठून घेऊ, विचारलं. मी त्याच दुकानाचा पत्ता दिला, कारण १,७०० ला तसा पत्रा दुसरीकडे मिळत नाही. रिकामंच मागायचं, हे दोनदा सांगितलं.