भाच्याची पेटी

रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली, आणि यंत्र टिकवायचे असेल तर ते गिऱ्हाइकाच्या जिज्ञासेपासून दूर ठेवावे, हा आमच्या धंद्यातला शिरस्ता मीही तेवढी वर्षे निमूटपणे पाळला. त्या शिरस्त्याविषयी प्रथम शंका आली ती बहिणीच्या मुलामुळे. भाचा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, मोजकेच शब्द बोलतो; जी कळ दिसेल ती दाबावी, जी तार निघेल ती उपसावी, ही वस्तूंशी ओळख करून घेण्याची त्याची रीत; आणि त्या खटाटोपात एखादी गोष्ट पूर्ववत राहिली नाही, की त्याला जो आकांत होतो तो शमायला कधी कधी अख्खी संध्याकाळ लागते. टॅब झाला, टीव्हीचा रिमोट झाला, आणि मग एके दिवशी बहीण म्हणाली, "दादा, त्याला काहीही केले तरी तसेच राहील असे काहीतरी करून दे."

तिच्या या वाक्यात कामाची सगळी सनद होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत लिहून या अवस्थेचे वर्णन केले. भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे हा त्या मुलांचा व्याकुळ आग्रह त्यांनी तेव्हाच टिपून ठेवला होता. मला मात्र त्या आग्रहाचे स्मरण झाले ते आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमवरून. नव्वदच्या दशकात घरोघर आलेल्या त्या जपानी संचाच्या नकला, त्यांच्या पिवळ्या कॅसेटी, आणि त्या चालेनाशा झाल्या की तोंडाजवळ धरून मारलेली फुंकर! त्या कॅसेटीतला खेळ कोरलेला असे. वाचता येई, पुसता येत नसे. १९८५ सालच्या मारिओत प्रश्नचिन्हाच्या ज्या चौकटीतून पहिले अळंबे बाहेर पडले, त्याच चौकटीतून ते आजही पडते. मध्ये जाहिरात येत नाही, की 'नवी आवृत्ती उतरवा' असे फर्मान सुटत नाही. भाच्याला असेच जग हवे होते.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर रेट्रोपाय ही प्रणाली घातली की हे जुने खेळ चालतात. पण ते आता कॅसेटीत नसून नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतात, आणि कार्ड म्हणजे सदैव उघडी असलेली रोजकीर्द, ज्यात यंत्र क्षणोक्षणी काहीतरी लिहीत असते आणि ते लिहीत असतानाच वीज गेली तर अख्खे दप्तर विसकटते. भाचा तर भिंतीवरचे बटण दिवसातून वीसदा खालीवर करणारा. पहिले कार्ड चौथ्या दिवशी निकामी झाले.

आधी बाहेरचा बंदोबस्त केला, कारण हातांना तोच उमगतो. सागवानी प्लायची पेटी केली. कार्ड गिळले जाण्याचे भय होते, म्हणून ते पेटीच्या पोटात ठेवले. साध्या पेचकसाला दाद न देणारे स्क्रू लावले. बिनतारी कंट्रोलरची जोडणी सुटते, म्हणून तारेचेच दोन घेतले आणि प्रत्येक तारेला भोकाच्या आतल्या अंगाने गाठ मारली, म्हणजे हिसका बसला तरी तो गाठीवर बसेल, सांध्यावर नाही. हवेची छिद्रे प्रथम वर पाडली होती. दोन दिवसांत त्यांतून चार काडेपेटीच्या काड्या आणि एक रुपयाचे नाणे आत गेले. मग ती छिद्रे बुजवून तळाला नवी पाडली, त्यांवर जाळी बसवली आणि पेटीला रबरी पाय दिले. आवाज एकाएकी वाढला तर भाचा कान दाबून कोपऱ्यात जातो, म्हणून स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेत एक रेझिस्टर टाकला; पडद्यावरचा आकडा शंभरावर नेला तरी ध्वनी सुसह्यच राहतो. या रेझिस्टरचे मला अजूनही समाधान वाटते. त्याने काही मना केलेले नाही. त्याने केवळ अपाय काढून घेतला आहे.

आतल्या बंदोबस्तात मात्र मी चुकलो. खेळांच्या यादीवर लहान मुलांसाठीची मर्यादित पद्धत लावली, मांडणीचे सारे पर्याय दडवले. ही पद्धत उठवायची तर ठरलेल्या दहा कळा क्रमाने दाबाव्या लागतात: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. काँट्रा या खेळात तीस जीव मिळवून देणारा जो मंत्र आमच्या पिढीला पाठ होता, तोच हा. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी १९८६ सालच्या ग्रेडियस या खेळासाठी स्वतःच्या चाचणीची सोय म्हणून तो योजला होता. मी तो भाच्यासमोर एकदाच दाबला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, की त्याने सगळे पर्याय उघडले असून कळांची अदलाबदल करून ठेवली आहे आणि आता मारिओ उडी मारत नाही म्हणून तो रडतो आहे.

संकेत बदलून टाकणे पाच मिनिटांचे काम होते, आणि मी ते करायला बसलोही. पण तो मंत्र एकदा पाहून त्याने ध्यानात ठेवला, यात मला त्याचा अपराध दिसेना. मी कुलूप घालत होतो ते त्याच्या कुतूहलाला. त्याला पीडा होत होती ती वस्तू परत न येण्याची. तेव्हा कार्डालाच त्या जुन्या कॅसेटीचा धर्म द्यावा असे ठरवले. ओव्हरले नावाची एक तजवीज आहे: तीत कार्ड केवळ वाचले जाते, जे काही लिहायचे ते तात्पुरत्या स्मृतीत लिहिले जाते, आणि वीज बंद होताच ते नाहीसे होते. अडचण एकच राहिली. खेळ सोडला तिथूनच पुढे चालू व्हावा अशी सोय मी मोठ्या हौसेने करून ठेवली होती, आणि तिच्यासाठी कार्डावर लिहिण्याची मुभा आवश्यक होती. दोन दिवस त्यावर डोके शिणवल्यावर बहीण म्हणाली, "ती सोय त्याला नकोच आहे रे. सुरुवातीचे गाणे लागत नाही म्हणून तो रोज पेटीवर थापा मारतो." मी ती सोय काढली, सारे कार्ड वाचण्यापुरते मुक्रर केले, आणि दहा कळांचा तो मंत्र मुद्दाम जसाच्या तसा राहू दिला.

परवा त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने दहा कळा दाबल्या, पर्यायांत शिरून कळा उलटसुलट केल्या, मारिओ उडी मारत नाही हे दोनदा पडताळून पाहिले. मग भिंतीवरचे बटण बंद केले, बोटांवर दहापर्यंत मोजले आणि पुन्हा चालू केले. अर्ध्या मिनिटाने यादी आली, गाणे लागले, त्याने कळ दाबली, मारिओने उडी मारली. "आहे," तो म्हणाला, आणि लगेच बटणाकडे हात नेला.